सशर्त पाठिंबा

पाचूबंदरच्या किनाऱ्यावर नवा धक्का आणि तिथवर जाणारा रस्ता बांधण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्यावरच्या जनसुनावणीची सूचना गावात दोनदा वाचली गेली. सकाळी मिस्सा संपल्यावर चर्चमध्ये आणि संध्याकाळी देवळापुढे. मला ती कळली माझ्या दारात. पापडीच्या आमच्या इमारतीत मासळी घेऊन येणाऱ्या मावशींनी पाटी खाली ठेवली आणि पापलेटवरचं ओलं फडकं काढायच्या आधीच विचारलं, "ताय, तू पेपरात होतीस ना? मना एक हरकत लिवून दे."

मी पेपरात होते. बरीच वर्षं मुंबईतल्या एका दैनिकाच्या डेस्कवर उपसंपादक होते. दुसऱ्यांनी आणलेला मजकूर नीट करणं हे माझं काम. निवृत्तीनंतर लिहिणं राहिलं नाही, नीट करायची सवय राहिली.

मावशींना आत बसवलं. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, खुर्चीला कपड्यांचा वास लागेल म्हणाल्या, दाराच्या आतल्या बाजूला पाटावर बसल्या. मी समोर लॅपटॉप घेतला आणि त्या बोलत गेल्या तसं टाइप करत गेले.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. रस्ता जिथून जाणार, तिथे त्या बोंबील सुकवतात. आधी त्यांची सासू सुकवायची. बांबू उभे करून दोऱ्या बांधायच्या आणि त्यावर बोंबलांची जोडी तोंडात तोंड अडकवून टांगायची. नकाशात मात्र ती जागा मोकळी दाखवली आहे.

"मोजायला आले ते पावसात आले," मावशी म्हणाल्या. "पावसात कोन बोंबील सुकवतो? बांबू काढून ठेवलेले. त्यांनी बघितला, काय नाय. लिवला, काय नाय."

दुसरी गोष्ट सांगताना त्यांनी आवाज उतरवला नाही. भागातला एक पुढारी गावात आला होता. त्याने चारचौघांत सांगितलं होतं की जो विरोध करेल त्याच्या बोटीच्या डिझेलवरचा सरकारी परतावा कसा मिळतो ते आपण बघू. मावशींच्या मुलाची बोट आहे. मावशींनी पुढाऱ्याचं नाव घेतलं, आडनावासकट.

एवढं सांगून त्या थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या.

"झालं?" मी विचारलं.

"माझा झाला. आता तू बोल."

"मी काय बोलू?"

"मी काय बोलले ता."

मी म्हणाले, लिहून झालं की मी स्वतः नेऊन देते, तुम्ही काळजी करू नका. त्या जरा घुटमळल्या, मग पाटी उचलून वरच्या मजल्यावर गेल्या. गावची बैठक बसते तेव्हा काय होतं, हे मला नंतर कळलं. कोणी काही मांडलं की एक जाणता माणूस ते त्याच्याच शब्दांत परत म्हणतो आणि विचारतो, असंच बोललास ना? तो हो म्हणेपर्यंत पुढचा माणूस तोंड उघडत नाही. मावशी त्याची वाट बघत होत्या. माझ्या धंद्यातला नियम नेमका उलटा. ज्याने माहिती दिली त्याला मजकूर छापण्याआधी दाखवायचा नाही. दाखवला की तो बदल सुचवतो. हा नियम मी इतकी वर्षं पाळला होता की तो नियम आहे हेही विसरले होते.

मावशींचं बोलणं मी चॅटबॉटला दिलं. गेले काही महिने मी तो वापरत होते, सोसायटीची पत्रं, विम्याचे अर्ज अशा कामांना. सोबत सूचना लिहिली: भाषा सभ्य आणि संतुलित ठेव, कायदेशीर अडचण येऊ देऊ नकोस.

क्षणात मजकूर आला. 'प्रस्तावित विकासकामाचे स्थानिक मच्छीमार स्वागत करतात. तथापि, मासळी सुकवण्याच्या पारंपरिक जागेबाबत काही नागरिकांनी चिंता व्यक्त केली आहे. प्रशासन योग्य तो समन्वय साधेल, असा विश्वास वाटतो.' पुढारी नव्हता. मी विचारलं, धमकीचा भाग कुठे गेला? उत्तर आलं की राजकीय व्यक्तीविरुद्ध पडताळणी न झालेला आरोप मांडायला मदत करता येणार नाही. हवं तर 'काही घटकांकडून दबाव आल्याची भावना आहे' असं लिहिता येईल.

मग मी तपासून पाहिलं. तीच धमकी, तेच शब्द, फक्त नाव बदललं. त्या पुढाऱ्याच्या विरोधकाचं नाव घातलं, तेव्हा चॅटबॉटने 'कथित' हा शब्द जोडून सगळं लिहून दिलं. दूरच्या एका राज्यातल्या नेत्याचं नाव घातलं, तेव्हा 'कथित'ही आला नाही. पहिलंच नाव घालून इंग्रजीत विचारलं, तर धमकी जशीच्या तशी उतरली. मराठीत परत आले, पुन्हा नकार. दुसऱ्या दिवशी हेच सगळं पुन्हा केलं तेव्हा उत्तरं थोडी वेगळी आली, विरोधकाबद्दलही एकदा नकार मिळाला. त्यामुळे यंत्र अमक्या पक्षाचं आहे असं मी म्हणू शकत नाही. एका बाईने आपल्या जेवणाच्या टेबलावर केलेली चाचणी म्हणजे पुरावा नव्हे. मी पाहिलं ते एवढंच की काही नावांपाशी ते थबकतं, आणि का थबकतं ते सांगत नाही.

मला ते ओळखीचं होतं. डेस्कवर सुरुवातीच्या काळात वरून फोन यायचा, ते वाक्य काढा. पुढे फोन यायचे बंद झाले, कारण ते वाक्य आम्ही आधीच काढलेलं असायचं. 'स्वागत' हा शब्दही आमचाच. विरोधाची बातमी छापायची असेल तर पहिल्या ओळीत थोडं स्वागत घालायचं, म्हणजे खालचं खपून जातं.

नवरा मागून येऊन वाचत उभा होता.

"अगं, हे तू लिहिलंस?"

"नाही, यंत्राने."

"असं होय. मला वाटलं तूच. माझ्या आईच्या श्रद्धांजलीतही तू 'योग्य तो समन्वय' घातला होतास."

"तिथे नव्हता घातला."

"घातला असतास. जागा कमी पडली."

मी हसले. मग मजकुरातले दोन अनुस्वार नीट केले, खाली मावशींचं नाव आणि पत्ता घातला आणि छापून काढला. पुढाऱ्याचं नाव परत घालायला मला कोणी अडवलं नव्हतं. कळफलक समोर होता. नाव नाही याचं मला बरं वाटलं, आणि नकार माझा नाही याचं त्याहून बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मासळी देताना मावशींनी त्या कागदावर सही केली. मी वाचून दाखवला नाही. त्यांनी मागितलाही नाही. माझ्यावर विश्वास होता.

सुनावणी एका शाळेच्या सभागृहात झाली. मावशी चर्चला नेसतात ती साडी नेसून आल्या होत्या आणि त्यांच्यामुळे मला दुसऱ्या ओळीत जागा मिळाली. पहिल्या ओळीत तो पुढारी आणि त्याची माणसं होती. अधिकाऱ्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की ज्यांनी लेखी दिलं आहे त्यांचं लेखीच धरलं जाईल, त्यांनी पुन्हा माईकवर येऊ नये, वेळ वाचतो. हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घेता आलं असतं. एक फोन केला असता तरी कळलं असतं.

कारकून एकेक निवेदन वाचत होता. मावशींचं नाव आलं तेव्हा त्या सावरून बसल्या. 'प्रस्तावित विकासकामाचे स्थानिक मच्छीमार स्वागत करतात' इथपासून 'विश्वास वाटतो' इथपर्यंत त्याने एका दमात वाचलं.

मावशी माझ्या कानाशी आल्या. "ह्या कोनाचा?"

"तुमचं."

"माझा?"

पहिल्या ओळीतून एकजण मागे वळला. "काय मावशी, स्वागत करताय? मग हार कुठंय?"

हशा पिकला. मावशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी असा नाय बोलले." अधिकाऱ्यांनी कागद पाहिला. "सही तुमचीच ना?" सही त्यांचीच होती. "मग झालं. लिहा, सशर्त पाठिंबा. पुढचे."

मी उभी राहिले. म्हणाले, हे शब्द त्यांचे नाहीत, माझे आहेत. यंत्राचे असं म्हणाले नाही. ते अचूक झालं नसतं.

"आपण बाधित आहात का?" अधिकाऱ्यांनी विचारलं. त्यांचा आवाज सौजन्याचा होता.

"नाही."

"राहायला कुठे?"

"पापडीला."

"मग बसा, मॅडम. बाधितांचं ऐकायचंय."

मी बसले. मावशी उभ्याच होत्या. शेजारच्या बाईने त्यांचा पदर ओढला तेव्हा त्याही बसल्या.

मधल्या सुट्टीत मी कारकुनाकडे गेले. तो म्हणाला, पुरवणी निवेदन आज सुनावणी संपायच्या आत घेता येईल, पण आधीचं मागे घेता येणार नाही, त्याला आवक क्रमांक पडलाय. मी आणि मावशी व्हरांड्यात गेलो. मी कारकुनाकडून कोरे कागद मागून घेतले. मावशी पायरीवर बसल्या.

"सांगा," मी म्हणाले.

"एकदा सांगितला ना."

"पुन्हा सांगा. ह्या खेपेला, तेव्हा म्हणाला होतात तसं, मी परत बोलून दाखवते."

त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. बैठकीतली ती पद्धत त्यांनी मला तिथेच, चार वाक्यांत सांगितली, आणि सांगताना रागावल्या नाहीत. मग बोलायला लागल्या. एक वाक्य त्या बोलत, मी हाताने लिहीत असे, वाचून दाखवून विचारत असे, "असंच बोललात ना?" पावसात मोजायला आले. असाच. बांबू काढून ठेवले होते. असाच. एका ठिकाणी मी 'पारंपरिक' असं लिहिलं होतं. त्यांनी थांबवलं.

"ता मी बोलले?"

"नाही."

"मग काड."

मी तो शब्द खोडला. तिथे 'माझी सासू' आली.

पुढाऱ्याचं नाव आलं तेव्हा पेन थांबलं. आत सभागृहात तो चहा पीत होता, दारातून त्याचा खांदा दिसत होता. मी म्हणाले, मावशी, नाव घालायचं का? मुलाची बोट आहे तुमच्या.

"बोट माझ्या पोराची हाय, तुझी नाय. खाली नाव माझा हाय, तुझा नाय. लिव."

मी लिहिलं. आडनावासकट. वाचून दाखवलं. "असाच," त्या म्हणाल्या आणि सही केली.

मीही खाली लिहिलं की हे कोणी सांगितलं, कोणी लिहून घेतलं, आणि आधीचा मजकूर कोणी तयार केला. ती ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. कारकुनाने शिक्का मारला आणि कागद आधीच्या कागदाला टाचणीने जोडला. दोन्ही कागदांवर एकच नाव. मी विचारलं, यातलं कोणतं धरणार? तो म्हणाला, ते वर ठरेल.

सुनावणीचं इतिवृत्त आलं तेव्हा पाऊस ओसरला होता आणि मावशींनी बांबू उभे केले होते. त्या दारात आल्या, पाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "आला म्हनतात. वाच."

त्यांच्या नावापुढे एकच वाक्य होतं. 'निवेदनकर्तीने परस्परविरोधी निवेदने सादर केल्याने भूमिका स्पष्ट होत नाही.' हरकतींच्या मोजणीत त्यांचं नाव नव्हतं. पाठिंब्यातही नव्हतं. ते वाक्य मी डोळ्यांनी आधी वाचलं, आणि तेवढ्या वेळात तोंडी सांगण्याजोगं एक मऊ वाक्य माझ्या मनात तयार झालं. अजून निर्णय झालेला नाही, असं काहीतरी. ते खोटंही ठरलं नसतं.

कागदावर जे होतं तेच मी वाचलं. शब्द सोपे करून पुन्हा सांगितलं: तुमची हरकत हरकत म्हणून धरलेली नाही. पहिल्या कागदामुळे.

मावशींनी पाटीतल्या बर्फाचा एक तुकडा सरकवला. "असाच लिवलाय ना?"

"असंच लिहिलंय."

"बरा." त्यांनी पापलेट उचलून कल्ले उघडून दाखवले, नेहमीसारखे. "ताजा हाय. घेतेस?"

मी घेतलं. त्यांनी ते साफ करून दिलं आणि पाटी डोक्यावर ठेवून वरचा मजला चढायला लागल्या.