डॉक्टर तोल्वानेराचं सोमवारचं धुणं

नाबोर इबार्राच्या डोक्याचा घेर एकोणसाठ सेंटीमीटर. कपाळ चार बोटं, नाक किंचित डावीकडे, आणि कान असे की देवाने दुसऱ्या कुणासाठी काढून ठेवले होते आणि घाईत याला लावले. हे सगळं मला ठाऊक, कारण मी रामोना, इथे मेक्सिकोत गोमेस पालासिओच्या बाजारामागे चाळीस वर्षं पैलवानांचे मुखवटे शिवते. आमच्या धंद्यात एकच शपथ असते. माप घेतलं की तोंडाला कुलूप. कुठल्या मुखवट्याखाली कोण आहे ते मी माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. तो बिचारा विचारून विचारून वारला.

नाबोर पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा बावीस वर्षांचा होता. दुधाच्या कारखान्यात खोकी भरायचा. आत येऊन अर्धा तास नुसता कापडाचे तागे बघत उभा. शेवटी मीच म्हटलं, "अरे बाबा, काही हवंय की सावलीला आलास?" तेव्हा कुठे त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. पेन्सिलीने एक तोंड काढलेलं, भोवती गरगर रेघा, आणि खाली नाव, डॉक्टर तोल्वानेरा. आमच्याकडे मार्चमध्ये वाळवंटातून धुळीचं वादळ उठतं, भर दुपारी दिवे लावावे लागतात, त्याला म्हणतात तोल्वानेरा.

"ते ठीक आहे," मी म्हटलं, "पण डॉक्टर कशाला?"

"आईची फार इच्छा होती," तो पुटपुटला.

मी मातकट रंगाचा मुखवटा शिवला, डोळ्यांभोवती तपकिरी भोवरे. तो चढवला, मागची नाडी बांधली, आणि काय सांगू बाई! मघापर्यंत माझ्याकडे मान वर करून बघत नव्हता तो माणूस आरशासमोर छाती काढून उभा राहिला आणि गरजला, "कोण आहे रे तिकडे?" तिकडे माझी मांजर होती. ती दोन दिवस घरी आली नाही.

आमच्याकडे पैलवान दोन जातीचे. एक सरळ, नियमाने लढणारे, पोराबाळांचे लाडके. दुसरे वाकडे, डोळ्यात बोट घालणारे, ज्यांना शिव्या घालायला लोक तिकीट काढतात. नाबोर वाकडा झाला. ज्याला खाटकाला 'हाड जरा कमी घाल' एवढं म्हणता यायचं नाही, तो दर रविवारी दोन हजार लोकांना तोंडावर सांगायचा, "गप्प बसा रे उंदरांनो!" पहिल्या रांगेत आमच्या गल्लीची चायो बसायची. जाडजूड भाकऱ्या चिरून त्यात मिरचीचं मटण भरून विकते, हात केवढे आणि तोंड त्याहून मोठं. ती उठून ओरडायची, "मेल्या, तुझ्या आईने तुला दूध पाजलं की रॉकेल?" आणि सोमवारी सकाळी नाबोर कारखान्याला जाताना तिच्या गाडीवर थांबला की तीच चायो त्याच्या पुड्यात एक भाकरी जास्त टाकायची.

का? कारण तिला माहीत होतं. अहो, सगळ्या गल्लीला माहीत होतं!

मी नाही हो सांगितलं. मी तोंड उघडलं असेल तर माझे हात झडोत. झालं असं की नाबोरने लग्न केलं कूकाशी. कूका फार टापटिपीची. नवऱ्याने शपथ घातली होती की कुणाला कळता कामा नये, आणि तिनेही कधी कुणाला शब्दाने सांगितलं नाही. फक्त रविवारच्या कुस्तीनंतर सोमवारी ती मुखवटे स्वच्छ धुवायची आणि गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळत घालायची. मातकट रंगाचे, तपकिरी भोवऱ्यांचे तीन मुखवटे, ओळीने, भर उन्हात. कूकाच्या मते गच्चीवर कोण बघतंय! इथे गल्लीतल्या बेचाळीस घरांना बेचाळीस गच्च्या आहेत, आणि सोमवारी सगळ्यांचंच धुणं असतं.

पहिल्या सोमवारी मी माझ्या गच्चीवरून बघितलं आणि कपाळाला हात लावला. पलीकडच्या गच्चीवर चायो. तिचं तोंड उघडं ते उघडंच. मी कपडे टाकून खाली धावले, तिचं दार गाठलं आणि सांगितलं, "एक अक्षर बोललीस तर तुझ्या जिभेला माझी कात्री आहे."

"मी काय खुळी आहे?" ती म्हणाली. "बिचारा इतक्या आनंदाने लपवतोय. लपवू दे की."

बस्स. ठराव नाही, बैठक नाही, पुढे कित्येक वर्षं गल्लीने ब्र काढला नाही. सोमवारी गच्चीवर गेलं की त्या बाजूला पाठ करायची. नाबोर डोळा सुजवून आला की विचारायचं, "काय रे, कारखान्यात खोकं पडलं वाटतं?" तोही जीव लावून सांगायचा, "हो ना, फार वरून पडलं." त्या सगळ्या वर्षांत कारखान्यात जेवढी खोकी नाबोरवर पडली तेवढी ट्रकात चढली नसतील.

या काळात त्याने पाच जणांचे मुखवटे जिंकले. आमच्याकडचा सगळ्यात मोठा सामना मुखवट्याविरुद्ध मुखवटा. हरेल त्याने तिथेच, सगळ्यांसमोर मुखवटा काढायचा, माइकवर स्वतःचं नाव सांगायचं, गाव सांगायचं, किती वर्षं लढलो ते सांगायचं. मग तो मुखवटा त्या माणसाला जन्मात पुन्हा घालता येत नाही. निकाल आधी ठरलेला असतो का, असं मला कुणी विचारलं तर मी कात्री उचलते. माणसाचं तोंड उघडं पडतं ते तर खरं असतं ना?

सत्तावीस वर्षं लढला, मग पन्नाशीला आल्यावर गुडघा गेला. नाबोरने मुखवटा न गमावता कुस्ती सोडली आणि जुन्या बर्फाच्या कारखान्यात तालीम काढली. शिकवायचाही मुखवटा घालूनच. चाळीस अंश उन्हात, पत्र्याखाली! पहिले तीन महिने पोरांना फक्त पडायला शिकवायचा. हनुवटी छातीला, हात पसरून, धाप. "वस्ताद, डाव कधी?" कुणी विचारलं की म्हणायचा, "जमिनीशी ओळख झाली का? नाही ना? मग पड." आठ वर्षांत त्याच्या एकाही चेल्याची मान मोडली नाही, आणि आमच्या भागात ही साधी गोष्ट नाही.

त्यातला सगळ्यात गुणी रोसेन्दो. तीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप, दिवसा थंड पेयांची क्रेट उचलायचा. मुखवटा हिरवा, नाव एल ग्रिल्यो, म्हणजे रातकिडा. उडी अशी की छपराला डोकं लागेल. पण पाच वर्षं झाली तरी त्याला पहिलीच कुस्ती मिळायची, जेव्हा लोक अजून खुर्च्या शोधत असतात. कार्यक्रम भरवणारा म्हणाला, "पोरगा चांगला आहे हो, पण त्याने हरवलंय कुणाला?" रोसेन्दोने बायकोला सांगून टाकलं की वर्षअखेर बंद.

एका दुपारी नाबोर दुकानात आला. मुखवटा पिशवीत.

"कोमाद्रे," तो म्हणाला. त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मी तिला हातात धरलं होतं, तेव्हापासून आम्ही एकमेकांचे नातेवाईकच. "याची नाडी बदलून दे. मी रोसेन्दोशी लढतोय. मुखवट्याविरुद्ध मुखवटा."

"गुडघ्याबरोबर डोकंही गेलं का तुझं?"

"त्याला मोठं काहीतरी जिंकायला हवं. माझ्याकडे द्यायला दुसरं आहे काय?"

"मग नुसता दे की हातात!"

"असा दिलेला कुणी धरत नाही. तो मला चीत करूनच घ्यायला हवा." मग त्याने पिशवीतून मुखवटा काढून माझ्यासमोर ठेवला. "मला भीती वाटते गं. हा काढला की खाली कोण? नाबोर. नाबोरचं कोण ऐकतं? घरातलं कुत्रं ऐकत नाही. पोरं मला वस्ताद म्हणतात ती या कापडाला. सोमवारी उघड्या तोंडाने तालमीत गेलो आणि कुणी हसलं, तर मी परत तिकडे जाणार नाही."

मला इतका राग आला आणि इतकं रडू आलं, की मी नाडी उलटी ओवली.

तो गेल्यावर मी दुकान बंद केलं आणि नाबोरचं सोडून गल्लीतल्या सगळ्या घरांची कडी वाजवली. म्हटलं, रविवारी सगळ्यांनी यायचं. हरला तर मुखवटा निघेल. निघाला की चकित व्हायचं! तोंडावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, 'अगं बाई, हा तर आपला नाबोर!' इतकी वर्षं आपण त्याला वेडा बनवलं हे त्याला कळलं, तर तो लाजेने मरेल. चायोकडून तर मी गाडीसमोर उभं राहून तालीम करून घेतली. तिचं 'अगं बाई' फार वरच्या पट्टीत जात होतं.

रविवारी पाच वाजता बसायला जागा नव्हती. तीन फेऱ्या, दोन जिंकेल तो जिंकला. पहिली नाबोरने घेतली, रोसेन्दोच्या डोळ्यात बोट घालून. सगळं आवार त्याच्या नावाने बोंबलत होतं आणि म्हातारा खूष! दुसरी रोसेन्दोची. तिसऱ्या फेरीत नाबोरचा गुडघा वाकला आणि तो खाली बसला. रोसेन्दो समोर उभा. हात उचलेना. पहिल्या रांगेतून मला स्पष्ट ऐकू आलं, "वस्ताद, माझ्याच्याने नाही होत."

नाबोरने बसल्या बसल्या त्याच्या कानाखाली अशी दिली की छपरातली कबुतरं उडाली. "पाच वर्षं काय शिकलास? कर!"

मग रोसेन्दोने त्याला उचलून आपटलं. नाबोर पडला. हनुवटी छातीला, हात पसरून, धाप. एक, दोन, तीन.

रोसेन्दोने रडत रडत नाडी सोडली. मी ओवलेली नाडी, उलटी, सुटता सुटेना. शेवटी मुखवटा निघाला. केस चिकटलेले, नाक डावीकडे, कान लालबुंद. कुस्ती मंडळाच्या माणसाने माइक पुढे केला. "आपलं नाव?"

नाबोरने तोंड उघडलं. आवाज नाही. माइककडे बघितलं, लोकांकडे बघितलं, मान खाली. तोच बावीस वर्षांचा पोरगा, माझ्या दुकानात कापडाचे तागे बघत उभा. मी मनात म्हटलं, बोल की रे!

"आपलं नाव?" त्या माणसाने पुन्हा विचारलं.

आणि चायो उठली. मी तिचा झगा ओढला, पण ती कुठली ऐकते!

"नाबोर इबार्रा!" ती ओरडली. "अहो, विचारता काय त्याला? नाबोर!"

"चायो! आपलं काय ठरलं होतं?" मी दात खाऊन म्हटलं. तोवर मागच्या रांगेतून आणखी दोघं ओरडले, "नाबोर इबार्रा!" मग अख्खी गल्ली उभी राहिली. मंडळाच्या माणसाने भांबावून माइक आमच्याकडेच वळवला. "गाव?" "गोमेस पालासिओ!" "किती वर्षं?" "सत्तावीस! आणि आठ वर्षं वस्ताद!" शेवटचं सगळ्यात जोरात कोण ओरडलं असेल, तर मीच.

नाबोर आखाड्याच्या दोरांशी आला. डोळे भरलेले. "तुम्हाला माहीत होतं?"

"अरे, दर सोमवारी गच्चीवर वाळत घालता ना!" चायो म्हणाली.

त्याने वळून कूकाकडे बघितलं. कूकाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. नाबोर सोडला तर आमच्या गल्लीतलं खरोखर चकित झालेलं माणूस ते एकच. मग नाबोर हसायला लागला, हसता हसता दोरावर रेलला, आणि रोसेन्दोचा हात धरून वर केला.

दुसऱ्या दिवशी तो उघड्या तोंडाने तालमीत गेला. मी लांबून बघत होते, खोटं कशाला बोलू. पोरं रांगेत उभी होती. कुणी हसलं नाही. मागून कुणीतरी विचारलं, "वस्ताद, डाव कधी?" आणि नाबोर, नुसता नाबोर, गरजला, "आधी पड!" धाप, धाप, धाप, सगळे पडले.

आता नवीन पोरगं आलं की पडण्याच्याही आधी एक धडा असतो. "मुखवटा धुतला की घरात वाळत घालायचा. पलंगाखाली, मोरीत, कुठेही. गच्चीवर नाही." रोसेन्दोलाही त्याने दहादा बजावलं. आता एल ग्रिल्योचं नाव भिंतीवरच्या जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत लागतं, आणि मागच्या महिन्यात रोसेन्दो आमच्याच गल्लीत राहायला आला.

परवा सोमवारी मी धुणं घेऊन गच्चीवर गेले. रोसेन्दोच्या बायकोने दोरीला चिमटे लावून तीन हिरवे मुखवटे वाळत घातले होते. पलीकडच्या गच्चीवर चायो होती, शेजारी कूका, आणि त्यांच्या पलीकडे नाबोर, हातात ओला सदरा. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मग आम्ही सगळ्यांनी त्या बाजूला पाठ केली आणि कपडे झटकायला लागलो.