मारान सेवेरोंचं छप्पर

आमच्या साबतांग बेटावर वारा हा पाहुणा नव्हे, घरातलाच माणूस. तो कधी काय उचलून नेईल याचा नेम नाही. आपण छपरावर दोरखंडाची जाळी आवळायची आणि आत बसून रताळी खायची, एवढंच हातात. अशा गावात सेवेरो गाबोतेरो यांनी जन्मभर एकच हौस केली. दुसऱ्यांची छपरं शाकारायची.

गाव त्यांना मारान म्हणे, म्हणजे काका. गवताचं छप्पर शाकारणं हे एकट्यादुकट्याचं काम नाही. ज्याचं घर, तो पहाटे दारात उभा राहून शंख फुंकतो. शंख ऐकला की गाव येतं. मजुरी नाही की आमंत्रण नाही. डुकराचं मटण, हळदीचा भात आणि उसाची दारू, बस्स. सकाळी जुनं गवत खाली, दिवेलागणीला नवं वर. मारान प्रत्येक शंखाला सगळ्यांच्या आधी हजर. लग्नाच्या दिवशीसुद्धा सकाळी एकाचं छप्पर शाकारून आले आणि केसांत गवत घेऊनच चर्चमध्ये उभे राहिले. त्यांची बायको हयातभर सांगायची, "माझं लग्न माणसाशी नाही, गवताच्या गंजीशी लागलंय."

त्यांचं स्वतःचं घर दगड-चुन्याचं. भिंती बैलाच्या पाठीएवढ्या रुंद, दार इतकं ठेंगणं की वाऱ्यालाही वाकून आत यावं लागे. पुढे मनिलाहून वारसा जपणारी मंडळी आली, घर बघून हळहळली आणि भिंतीवर पितळी फलक ठोकून गेली. फलकाला खिळे चार. पाचवा मारानच्या पायात ठोकला होता, हे नंतर कळलं. फलकासोबत अट आली होती: या घरावर पत्रा चालणार नाही, स्लॅब तर नाहीच. गवतच हवं.

तोवर बाकी गावाने सिमेंटची घरं बांधली होती. वादळात झोप लागते म्हणून. त्यात कुणाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण शंख फुंकायला कुणाला कारणच उरलं नाही.

मारानचं गवत मात्र कुजत चाललं होतं. वादळी महिन्यांच्या आत छप्पर नवं झालं नाही तर ते उडणार, मग भिंतीत पाणी मुरणार, चुना सुटणार आणि घर बसणार. विधुर म्हाताऱ्याने दोन उन्हाळे डोंगरावर एकट्याने गवत कापलं, वाळवलं, पेंढ्या बांधून रचलं. शेजारच्या सिमेंटच्या घरात त्यांची भाची एमे राहायची. ती म्हणाली, "मारान, यंदा अर्धंच करा. अर्धं पुढल्या साली."

"अर्धं छप्पर? अर्धी चड्डी घालून तू चर्चला जाशील का?"

"पण येणार कोण आहे? पोरं सगळी तैवानला, नाहीतर मनिलाला."

"शंख ऐकून माणसं आली नाहीत, असं कधी झालंय?"

"शेवटचा शंख वाजला तेव्हा मी दोन वेण्या घालून शाळेत जात होते, मारान!"

त्यांनी शंख फुंकला. आणि माणसं आली, हे सांगायलाच हवं. गाव काही वाईट नाही. त्यांचा जुना दोस्त तिबुर्सियो काठी टेकत आला आणि म्हणाला, "सेवेरो, मी आलोय बरं का. गुडघे मात्र घरीच राहिलेत." कुणी दम्याला घेऊन आलं, कुणी मोतीबिंदूला. मीही गेलो, माझ्या कंबरेला विचारून.

उतरवायला वय लागत नाही. बांबूंनी ढोसत, थट्टा करत आम्ही दुपारच्या आत अख्खं छप्पर खाली पाडलं. घरातून निळं आभाळ दिसायला लागलं. मग शिडी लावली आणि सगळे एकदम फार सुसंस्कृत झाले.

"तू चढ, तू मोठा."

"छे छे, तू चढ, तू हलका."

शेवटी मारानच चढले. तिबुर्सियो तिसऱ्या पायरीवर थांबून सल्ले देऊ लागला. बाया खालून पेंढ्या देत होत्या. वर घ्यायला हात दोनच, तेही म्हातारे. दिवस मावळला तेव्हा वळचणीला हातभर गवताची झालर लागली होती. वर नुसते वासे. आम्ही जेवायला बसलो. इतकं चांगलं शिजलेलं डुक्कर इतक्या गुपचूप खाल्लेलं मी आयुष्यात पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी निम्मे आले. तिसऱ्या दिवशी आम्ही तिघंच होतो, त्यात एक शिडी. एमेने मनिलाला त्या फलकवाल्यांना फोन लावला, "निदान तात्पुरते पत्रे टाकू का?" तिकडच्या बाई गोड बोलल्या. पत्रे नकोत. ताडपत्री चालेल, पण निळी नको, फोटोत डोळ्यांना खुपते. मदतीचं वरिष्ठांच्या कानावर घालते, म्हणाल्या. वरिष्ठांचे कान लांब होते; वादळ आधी पोचलं. ताडपत्री समुद्रात गेली, वळचणीची झालर गेली, रचलेल्या पेंढ्या गावभर उडाल्या. पुढल्या पावसात मागची भिंत बसली. फलक पुढच्या भिंतीवर होता, तो शाबूत राहिला.

मारान एमेकडे राहायला आले. खिडकीतून त्यांचं घर दिसायचं, म्हणून ते खिडकीकडे पाठ करून बसायचे.

यंदा उन्हाळ्यात तिबुर्सियोच्या मुलाने तैवानहून पैसे धाडले आणि बापाच्या घरावर स्लॅब घालायचं ठरलं. शंखबिंख काही नाही, फोनवरूनच निरोप. मी उजाडताच मारानना येता का विचारायला गेलो, तर ते आधीच तयार होऊन घमेलं शोधत होते. एमे कमरेवर हात ठेवून दारात उभी.

"तुमचं छप्पर झालं नाही आणि तुम्ही लोकांच्या स्लॅबला निघालात?"

"आले होते की सगळे," मारान म्हणाले. "आता मी नाही गेलो, तर पुढच्या वेळी शंख फुंकायला तोंड राहील का मला?"

"मारान, कसली पुढची वेळ? भिंत पडलीय."

घमेलं पलंगाखाली सापडलं. त्यांनी ते झटकून काखेत घेतलं आणि बाहेर पडले. एमेचं दार चांगलं उंच आहे. तरी ते वाकूनच बाहेर पडले.