रुमालाखालच्या बांगड्या

आई-बाप ढोकीकडं ऊस तोडायला गेले की पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, मी आणि माझी थोरली बहीण, अक्का. एक चूल, एक भगुनं, एक वाकळ. हंगामापायी अक्काची शाळा सुटली. माझी तिनं सुटू दिली नाही. मला निजवताना रिकाम्या भगुन्यावर बोटं वाजवत देवीची गाणी म्हणायची. पुढं त्याच गळ्यावर ती जागरण-गोंधळात गायला लागली आणि मी कॉलेजात गेले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी मान वर करून सांगते, आणि ती पदवी कुणाच्या गळ्याची कमाई आहे हेही सांगते.

गेल्या महिन्यात धाराशिवला माझ्या स्टुडिओत माइक लावत होते, तेव्हा दाजींचा फोन आला. "शालन, तुझी अक्का उठंना गं…" अक्का झोपेतच गेली होती.

अक्काची आठवण लिहायची तर आधी तिच्यावर लावलेला डाग लिहावा लागतो. मी कॉलेजात असताना शहरातल्या एका स्टुडिओवाल्या सरांनी तिला देवीचं लांब कथागीत गायला बोलावलं. पाऊण तास न थांबता म्हणायचं. मी सोबत होते. सर म्हणाले, "बाई, बांगड्या काढा, माइकमध्ये वाजतात." अक्का म्हणाली, "नवरा जिता हाय माजा. बांगड्या न्हाय उतरवायची म्या." मग तिनं मनगटाला रुमाल गुंडाळला आणि कानात आधीच भरून ठेवलेलं ढोलकीचं वाजप ऐकत, मांडीवर हातानं ताल धरत, एका दमात गायली. वाजप संगणकावर होतं, तिचा आवाज दुसऱ्या यंत्रात भरला. दोन्ही एकत्र लावलं तर सुरुवात चोख, आणि शेवटाकडं आवाज ढोलकीच्या मागं मागं. सर तिथं जमलेल्या सगळ्या गोंधळी मंडळीसमोर हसले. "बाई बेताल आहे. घ्या ही सीडी. एका कानात तुमचा आवाज, दुसऱ्या कानात वाजप. घरी बसून ऐका, म्हणजे कळंल." गाणं दुसरीकडून गाऊन घेतलं. 'बेताल' हे नाव अक्काला चिकटलं आणि बोलावणी बंद झाली. "काय गं, यंदा तुळजापूरला गेली न्हाईस गायला?" बाया मुद्दाम विचारायच्या. ती भाकरी थापत राहायची… त्या थापण्यालाही ताल असायचा.

पुढं मी पुण्याला एका स्टुडिओत कामाला लागले. तिथं शिकवलं ते असं, की प्रत्येक डिजिटल यंत्राच्या पोटात स्वतःचं घड्याळ असतं. दोन यंत्रं एकत्र चालवायची तर एकानं दुसऱ्याचं घड्याळ मानायला पाहिजे. त्यासाठी वेगळी वायर जोडतात. नाही जोडली तर एक यंत्र केसभर पुढं पळतं. छोट्या गाण्यात ते कळत नाही. पाऊण तासाच्या गाण्यात कळतं. ऐकता ऐकता माझे कान तापले. सरांच्या त्या दोन यंत्रांमध्ये असली वायर नव्हतीच. मी शेजारीच तर बसले होते!

गावी येऊन अक्काच्या ट्रंकेतली सीडी काढली. नुसता तिचा आवाज लावला. रुमालाखालून बांगड्या बारीक किणकिणत होत्या आणि शब्द शेवटपर्यंत त्या किणकिणीवर बसलेला. माणूस चुकला तर कधी पुढं जातो, कधी मागं. इथं आवाज पहिल्यापासून एकसारखा सरकत गेलेला. मी तेवढाच फरक काढला. अखेरच्या कडव्यापर्यंत बांगड्या बरोबर ढोलकीवर पडल्या.

अक्का ऐकून रडली नाही. "मला म्हाईतच व्हतं. माजा हात चुकत न्हाय. पर त्यो समद्यांम्होरं बोलला. आता त्यानंच समद्यांम्होरं सांगावं. तवर ह्ये गाणं भाईर काढू नगंस."

सरांना निरोप धाडला. उलट निरोप आला, "कालच्या पोरीकडून मी यंत्र शिकू का?" त्या एका वाक्यापायी मी नोकरी सोडली आणि त्यांच्याच शहरात स्टुडिओ टाकला. त्यांची गिऱ्हाइकं माझ्याकडं यायला लागली तेव्हा मला आनंद झाला, लपवत नाही. पण अक्काला हवं होतं ते काही आलं नाही. ती वाट बघत राहिली… आणि गेली.

तेराव्याला सर आले. गोंधळी मंडळी, अख्खी भावकी मांडवात बसलेली. सतरंजीवर टेकत सर म्हणाले, "गळा लई गोड होता हो. तालाचं तेवढं असतं तर कुठल्या कुठं गेली असती."

मी उठले. लॅपटॉप आणि स्पीकर आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला. कुणीतरी कुजबुजलं, "आज गाणं लावतात व्हय?" दाजी म्हणाले, "लाव." आधी सरांनी दिलं होतं तसं लावलं, मग घड्याळ जुळवलेलं. चहाची कपबशी सरांच्या हातात तशीच राहिली.

"यंत्राचं होतं असं कधीमधी," ते म्हणाले.

"यंत्राचं नका सांगू, सर. अक्का तालात होती का नव्हती?"

त्यांनी संबळवाल्या नानांकडं पाहिलं. नाना म्हणाले, "माज्याकडं काय बगता? आमच्याम्होरं हसला व्हता न्हवं? बोला आता."

"होती," सर पुटपुटले.

"मागं ऐकू आलं न्हाय," दाजी म्हणाले.

सरांना मोठ्यानं म्हणावं लागलं. चहा न पिता गेले. मोठ्या मनानं सोडून द्यायचं होतं, असं नंतर काही जण म्हणाले. मन मोठं करायचं काम दर वेळी आमच्याकडंच का? मी सोडलं नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

बांगड्या अक्कासोबत गेल्या. सवाष्ण गेली ती. रुमाल मी माझ्या माइकच्या दांडीला बांधलाय. गाणं काढताना मदतनीस म्हणाला, "मॅडम, मागं काहीतरी किणकिणतंय, साफ करू?" म्हटलं, हात लावायचा नाही.

गाणं आलंय. त्यावर अक्काचं नाव आहे.