बेटावरचा खोकला

किस्से छातीतल्या कफासारखे असतात. एक सुटला की मागचे आपोआप येतात! बनारसच्या क्षयरोग दवाखान्यात मी तीस वर्षं शिपाई. शिक्षण सातवी, तीही ढकलत ढकलत. काम एकच: गंगेच्या दोन धारांमधल्या बेटावर होडीने जायचं आणि खोकणाऱ्यांचा सकाळचा बेडका डबीत घेऊन यायचं.

पहिल्याच खेपेच्या डब्या उघडल्या, तर सगळ्या लालभडक! डॉक्टरसाहेब मटकन खुर्चीत बसले. "अख्खं बेट रक्त ओकतंय!"

लॅबवाल्या पाठकजींनी एक डबी नाकाशी नेली. "साहेब, कात आहे."

बनारसी माणूस डोळे चोळत आधी पान लावतो. खोकला त्यानंतर!

साहेबांच्या भिंतीवर बेटावरच्या रुग्णांचा आलेख असायचा. एका वर्षी रेघ धाडकन खाली आली. साहेबांनी पेढे वाटले. माझ्या घशाखाली मात्र पेढा उतरेना. होडीतलं खोकणं तर तेवढंच होतं!

चौकशी केली. क्षय निघाला तर पोरींची लग्नं मोडतील, म्हणून लोक आपापल्या डब्या आखाड्यातल्या धडधाकट पहिलवानाकडे थुंकायला नेऊन द्यायचे. मी त्याला गाठलं.

"पहिलवान, किती जणांचं थुंकलात?"

"सत्रह का!" छाती फुगवून म्हणाला. "सेवा है, सेवा!"

साहेबांनी रेघ पुसली.

राहिला आमचा नावाडी झिंगुरी. पावसाळा संपला तरी त्याचा खोकला संपेना. "खोकल्यानंच होडी पुढे जाते, वल्हं ठेव घरी!" मी चिडवायचो. पण त्याच्या बरगड्या मोजता यायला लागल्या होत्या. डबी काढली की हात जोडायचा. "गुरू, पता चल गया तो हमरी नाव में बैठेगा कौन?"

शेवटी म्हटलं, "लेका, मीही देतो. दोघांचं गुपचूप!" तेव्हा कुठे तयार झाला.

शहाणपणा करून दोघांची नावं मी झाकणांवर लिहिली. पाठकजींनी दोन्ही झाकणं काढली आणि एकत्र बाजूला ठेवली. एका डबीत जंतू निघाले. डबी कुणाची? विश्वनाथाला ठाऊक!

खोकला मलाही होता. तंबाखूचा आहे म्हणून मी बायकोला गप्प करत आलो होतो.

झिंगुरी पुढे झाला. "हमरा लिख लीजिए, साहेब."

"काही नाही, माझं लिहा!"

"सत्यनारायणाचा यजमान ठरवताय काय रे?" साहेब कडाडले. "उद्या पुन्हा डब्या आणा! आणि नाव डबीवर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर गेलो. दूध विकून परतणाऱ्या बेटकऱ्यांनी होडी गच्च भरलेली. झिंगुरी सगळ्यांदेखत पायरीवर उभा, हातात डबी. आणि तोंडात पान नाही! जन्मात असं पाहिलं नव्हतं. माझ्याही तोंडात नव्हतं.

"पहले तुम, गुरू."

"तू आधी."

"नहीं, तुम."

होडीतला एक दूधवाला वैतागून ओरडला, "अरे, कोई तो थूको! हमको पार जाना है!"