पाचव्या ग्रीनखालचं तळं

जे आता सांगणार आहे ते माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. मुद्दाम लपवायचं असं ठरवलं नव्हतं – एकदा बोलायचं राहिलं, मग न बोलण्याचीच सवय झाली. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. दुसरं काही कारण शोधलं तर सापडत नाही.

मी गवत वाढवतो. हसू नका, हाच माझा पेशा. तलासरीच्या पुढे, उधव्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी एका शेठचं रिसॉर्ट आहे आणि त्याला लागून नऊ होलचं गोल्फचं मैदान. तिथलं गवत, माती, पाणी सगळं माझ्याकडे. मी मूळचा चिंचणीचा. आई बाजारात सुकी मासळी विकायची. मी शेतकीची पदवी घेतली आणि मुंबई-सुरतेच्या लोकांच्या चेंडूसाठी गवत राखायला लागलो. आईला हे काम काय आहे ते शेवटपर्यंत नीट समजलं नाही. "गुरं नाहीत तर गवत कशाला?" असं ती विचारायची.

गोल्फचं मैदान म्हणजे पाण्याची उधळपट्टी आणि औषधांचा मारा, असं लोक म्हणतात. बऱ्याच ठिकाणी ते खरंही असतं. म्हणूनच मी कामावर लागलो तेव्हा शेठना म्हटलं, आपण वेगळं करू. रिसॉर्टचं सांडपाणी शुद्ध करून तेच गवताला द्यायचं. कापलेल्या गवताचं खत करायचं. खेळाच्या पट्ट्याबाहेरचं गवत वाढू द्यायचं, तितर-लाव्यांना अंडी घालायला जागा राहील. तळ्याच्या काठाला कापणीचं यंत्र न्यायचंच नाही, तिथे दाट गवत ठेवायचं, म्हणजे वरून येणारं पाणी त्यातून गाळून उतरेल. आणि विषारी औषध एक थेंबही नाही. शेठनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "करो भाई. पण ग्रीन हिरवं दिसलं पाहिजे."

ग्रीन म्हणजे होलभोवतीचा तो तुकडा, जिथलं गवत अगदी बारीक कापलेलं असतं. मैदानाचा चेहराच तो. बाकी कुठे काही बिघडलं तर खपतं, ग्रीनवर खपत नाही.

पाचव्या ग्रीनच्या उताराखाली ते तळं आहे. रिसॉर्टच्या कितीतरी आधीपासूनचं. जमीन विकली गेली तेव्हा कागदावर तेही शेठचं झालं, पण पलीकडच्या पाड्यावरची माणसं त्यात मासे धरत आली होती, गुरं पाजत आली होती. शेठच्या मनात कुंपण घालायचं होतं. मी त्यांना पटवलं – राहू द्या, माणसं आणि मैदान एकत्र नांदतात हे लोकांना दाखवता येईल. त्यांना पटलं. पाड्यावर माझा मान वाढला. खोटं कशाला सांगू, तो मान मला आवडायचा.

त्याच पाड्यावरचा जानू ग्रीन कापायचा. माझ्याच वयाचा. दुपारी आम्ही तळ्याच्या वर, मोहाच्या सावलीत डबे उघडायचो. माझ्या डब्यात बोंबलाची चटणी असली की तो आधी हात पुढे करायचा. मैत्री म्हणायची का तिला? तो मला साहेब म्हणायचा आणि मी त्याला जानू. पण मला गोष्टी सांगणारं तिथे दुसरं माणूस नव्हतं.

एकदा त्याने त्याच्या आज्याची गोष्ट सांगितली. पूर्वी उन्हाळ्यात नदी तुटायची, डोह तेवढे उरायचे. तेव्हा पाड्यावरची माणसं गेळाची फळं ठेचून डोहात टाकायची. मासे गुंगून वर यायचे आणि सगळा पाडा टोपल्या घेऊन पाण्यात. आजा एवढा हावरा, की मोठा मासा धरायला गेला आणि स्वतःच डोहात पडला, माशाऐवजी आज्यालाच टोपलीने ओढून काढावं लागलं. सांगताना जानूला हसू आवरेना. "आता कोण नाय करत तसा," तो म्हणाला. "आता गळ हाय, जाळा हाय." मीही हसलो. ती गोष्ट माझ्याजवळ राहिली.

पुढचं सांगायचं तर एका पावसाळ्याच्या शेवटी पाचव्या ग्रीनला हुमणी लागली. ही अळी जमिनीखाली राहून मुळं खाते, वरून काही दिसत नाही आणि एके दिवशी गवत चटईसारखं हातात येतं. अळी खायला कावळे आले, रात्री रानडुकरं येऊन उकरून गेली. माझे उपाय चालू होते. निंबोळी पेंड, अळीवर वाढणारी बुरशी. ते उपाय लागू पडतात. पण वेळ घेतात. आणि दिवाळीआधी तपासणीला माणसं येणार होती – मैदान निसर्गाला धरून चालवलं जातं असं प्रमाणपत्र देणारी. मीच त्यांना बोलावलं होतं. शेठनी नव्हे.

कुणी माझ्यावर दबाव आणला का? नाही. एकाही माणसाने मला औषध मार म्हणून सांगितलं नाही. शेठ तर त्या महिन्यात आलेही नव्हते. पाचवं ग्रीन उकरलेलं दिसेल आणि ती माणसं माझ्याकडे बघतील, हे मला नको होतं. एवढंच.

मी वापीला जाऊन कीटकनाशक आणलं. तलासरीत आणलं असतं तर कुणी पाहिलं असतं. मैदान देखभालीसाठी बंद असतं त्या दिवशी जानूला आणि बाकीच्यांना रिसॉर्टच्या पुढच्या बागेत पाठवलं आणि स्वतः पंप पाठीला लावून पाचवं ग्रीन भिजवलं. डब्यावर लिहिलं होतं त्यापेक्षा जास्तच. आभाळ कोरडं होतं. दुपारी डोंगरावरून परतीचा पाऊस आला. धो-धो. मी कार्यालयाच्या खिडकीत उभा राहून तो बघत होतो. काठाचं गवत पाणी गाळेल, असं मी स्वतःला सांगितलं. मीच लावलेलं ते गवत. पण ते एवढं गाळू शकणार नाही, हेही मला ठाऊक होतं. मी खाली तळ्यावर जाऊन पाहिलं का? नाही गेलो.

सकाळी मासे वर आले होते. रोहू, कटला, बोटाएवढी पिल्लं, आणि मरळ – जी चिखलातही तग धरते. पांढरी पोटं सगळीकडे. कोळ्याच्या घरात जन्मलोय, मेलेले मासे आयुष्यभर पाहिलेत. असे नव्हते पाहिले.

पाड्यावरची माणसं जमली होती. जानूची बायको लखमी टोपलीत मासे भरत होती, बाकीच्या बायकाही पाण्यात उतरलेल्या. मी ओरडत खाली गेलो. "टाका ते! खाऊ नका, विष आहे त्यात!" लखमीच्या हातून टोपली ओढून मी उपडी केली. ते मासे कुणी खाल्ले नाहीत, हे खरं. पण ह्याचं श्रेय मला देऊ नका. पुढचं ऐका.

रिसॉर्टचा मॅनेजर मागोमाग आला होता. त्याने साधाच प्रश्न विचारला. "विष? कुणी टाकलं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. विष आहे असं मी म्हणालो होतो, तेव्हा उत्तरही माझ्याकडेच असणार ना? मी बोलू शकलो असतो. तीनच शब्द होते – मी औषध मारलं. त्याऐवजी मी म्हणालो, "गेळ टाकलं असेल कुणीतरी. इकडे तशी रीत आहे मासे धरायची."

ते वाक्य कुठून आलं? मला माहीत आहे कुठून आलं. मोहाच्या सावलीतून आलं.

"तुम्हाला कसं ठाऊक?" मॅनेजरने विचारलं. आणि जानू, जो गर्दीच्या मागे उभा होता, पुढे आला. त्याला वाटलं असावं की साहेब अडचणीत आलेत. तो म्हणाला, "गेळाचा मीच सांगलेला यांना. माझा आजा टाकायचा."

"म्हणजे तूच," मॅनेजर म्हणाला.

"मी नाय टाकला. मी फक्त गोष्ट सांगली."

पण गोष्ट सांगितल्याचं त्याने कबूल केलं होतं, आणि मॅनेजरला तेवढं पुरलं. लखमी माझ्याकडे वळली. "साहेब, तुम्ही सांगा ना. तुम्हाला माहीत हाय हा कसा हाय." मला माहीत होतं. मी म्हणालो, "चौकशी होऊ दे." चौकशी कुठली? मॅनेजरने पाण्याचा नमुना पाठवायचा का म्हणून विचारलं, तेव्हा मी त्याला सांगितलं की उपयोग नाही, गेळाचा अंश पाण्यात राहत नाही. हे मी त्याच वेळी तयार केलं. शेतकीची पदवी माझ्याकडे होती. त्याने मान डोलावली.

जानूचं काम गेलं. पोलिसांत देत नाही हेच नशीब समज, असं त्याला सांगण्यात आलं. आठवडाभरात तळ्याला तारेचं कुंपण पडलं. पाड्यावरची गुरं ओहोळापर्यंत लांबच्या वाटेने जायला लागली. तपासणीची माणसं आली, पाचव्या ग्रीनवर उभी राहिली, समाधानाने चालून गेली. हुमणी मेली होती. प्रमाणपत्र मिळालं.

खरं नुकसान कुंपणाच्या आत नव्हतं. पाड्यावर लोक जानूलाच बोलायला लागले – तुझ्या तोंडामुळे तळं गेलं. कशाला सांगायच्या साहेबाला घरातल्या गोष्टी? त्याचा सख्खा भाऊ बोलेनासा झाला. बारशाला, लग्नाला त्याला बोलावणं येईना. हे मला लखमीने सांगितलं, रिसॉर्टच्या फाटकावर. मी शेठशी बोलावं म्हणून ती आली होती. मी म्हणालो, "बोललो मी. खूप बोललो. ते ऐकत नाहीत." मी शेठशी एक अक्षर बोललो नव्हतो. तिने हात जोडले आणि गेली. त्यानंतर ती दोघं उंबरगावला गेली, तिथल्या कारखान्यात.

इथे थांबलो असतो तर निदान भेदरलेला माणूस म्हणून निभावलं असतं. पण पुढच्या वर्षी पुण्याला एका परिसंवादात मला बोलायला बोलावलं – औषधांशिवाय मैदान कसं राखायचं, या विषयावर. मी चित्रं दाखवली. शेवटी कुणीतरी विचारलं, स्थानिक लोकांचा काही त्रास होतो का? आणि मी मासे मेल्याचा प्रसंग सांगितला. गेळासकट. आज्याच्या टोपलीचा भागही सांगितला, सभेत हशा पिकावा म्हणून. पिकला. तेव्हा मला कुणीही धमकावलेलं नव्हतं, पाड्यावरचं कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. मी ते सांगितलं कारण ते चांगलं रंगत होतं. जेवणाच्या वेळी दोघातिघांनी येऊन माझं कौतुक केलं. मी जेवलो. जेवण चांगलं होतं.

त्यानंतर मी औषध पुन्हा कधी मारलं नाही. मैदान आज खरोखर तसंच आहे, जसं मी लोकांना सांगतो. तळ्यात माशांचं बीज सोडलं, मासे वाढले. खंड्या येतो, बगळे येतात. पाहुणे कुंपणाच्या आतल्या बाकावर बसून फोटो काढतात. कुंपण काढा असं मी शेठना सांगितलं असतं तर त्यांनी कदाचित काढलंही असतं. पण मग का काढायचं, हे सांगावं लागलं असतं.

मागच्या शिमग्याच्या आधी तलासरीच्या एसटी स्टँडवर जानू भेटला. गावी आला होता. केस पांढरे झालेले, बाकी तोच. मी तोंड वळवणार होतो, पण त्याने आधीच पाहिलं. "साहेब!" म्हणून हसत आला. बरोबर त्याचा जावई होता. त्याला म्हणाला, "हे आमचे साहेब. माझ्यासाठी शेठशी भांडले होते. शेठ ऐकला नाय, यांचा काय इलाज."

जावई माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले नाहीत.

जानूने चहा आणला. भावाने आता निरोप पाठवलाय, सणाला ये म्हणून, असं तो म्हणाला. मग विचारलं, "तळ्यात मासे हायत का परत?"

"आहेत," मी म्हणालो.

"बरा झाला."

आम्ही बाकावर शेजारी बसलो होतो. गर्दी नव्हती, घाई नव्हती, जावई पान घ्यायला गेला होता. विष मी टाकलं, दोष तुझ्यावर येऊ दिला – एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी चहा संपवला. डहाणूची बस लागली. जानूने माझी पिशवी उचलून दारापर्यंत आणली, आत सरकवली आणि खिडकीखाली येऊन उभा राहिला. बस हलली तेव्हा त्याने हात वर केला. मीही केला.