घरातल्या शाळा पाहणाऱ्या बाई

कुणाच्याही घरी गेल्या की बाई खुर्ची नाकारत. चपला दाराशी काढायच्या, पदर खोचायचा आणि सरळ जमिनीवर बसायचं. घरातल्यांची चहापाण्याची गडबड सुरू झाली की म्हणत, "आधी शिकवताना दाखवा. कारणं मग सांगा."

धुळ्याच्या बी.एड. कॉलेजात आम्ही बरोबर शिकवत होतो. त्या वयानं आणि नोकरीनं माझ्याहून बऱ्याच मोठ्या. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, निवृत्ती फार लांब नसताना, त्यांनी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी कुटुंबं कशी शिकवतात आणि तसं का करतात, हा विषय. स्टाफरूममध्ये थट्टा व्हायची. "बाई, आपण इथं मास्तर घडवतो आणि तुम्ही मास्तर नको म्हणणाऱ्यांच्या घरी जाता!"

"जे आपल्याकडे येतात त्यांचं रोजच ऐकते की," बाई म्हणत.

मी यावल तालुक्यातला. आमची पूर्वेकडची बोली बाईंना नीट कळत नसे. त्यांची अहिराणी वेगळी. म्हणून फैजपूरच्या बाजूला जायचं असलं की त्या मला बरोबर घेत. आम्ही शाळेला 'शाया' म्हणतो याचं त्यांना प्रत्येक वेळी नव्यानं हसू येई.

अशी कुटुंबं थोडीच होती, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. अमळनेरचे एक गृहस्थ मुलाला स्वतःच शिकवत, कारण सगळ्या मास्तरांशी त्यांचं भांडण झालेलं. "शाळेत शिकवतात काय? रांगेत उभं राहायला!" ते तावातावानं म्हणाले.

"रांगही शिकावी लागते, भाऊ," बाई म्हणाल्या. "आत्ता एसटीत चढताना फार आठवण झाली." गृहस्थ हसले, पण मुलाला शाळेत घातलं नाही ते नाहीच. बाईंनी त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहून घेतलं. वाद घालायच्या, पण कुणाचं म्हणणं वाकवायच्या नाहीत.

फैजपूरजवळच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याच्या घरी मात्र निराळं घडलं. त्यांची इंदू चौथीत असताना वर्गात तिला फिट आली. मुलं घाबरली. गुरुजींनी निरोप धाडला, बरी होईपर्यंत घरीच ठेवा. बरी होण्याची वाट पाहण्यात वर्षं गेली. तिची आई सातवी शिकलेली, तिनंच मग शिकवायला घेतलं.

आम्ही गेलो तेव्हा ती चुलीवर वांगी भाजत होती. इंदू धडा मोठ्यानं वाचायची आणि पुस्तक मिटून आईला गोष्टीसारखा सांगायची. कुठं अडली की आई म्हणायची, "पुढं काय झालं व माय?"

बाईंनी नंतर कारण विचारलं. आईनं वर्गातला प्रसंग सांगितला आणि म्हणाली, "फिट येऊन गेली का त्या दिवसाचं सारं पुसलं जातं. मंग दुसऱ्या दिवशी मी तेच नवं म्हनून शिकवते. तिले सांगत नाई का कालच झालं व्हतं."

बाईंनी लिहिणं थांबवलं.

निघताना आई दारापर्यंत आली. "बाई, तुम्ही लिहून नेतात. पन माह्या पोरीले दहावीले कोन बसवीन?"

शाळेत न जाता दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागे. फॉर्म अवघड नव्हता. अवघड होते इंदूचे वडील. "केंद्रावर फिट आली त सारं गाव पाह्यीन," ते म्हणाले. "मंग हिचं लग्न कसं व्हईन?"

बाईंनी त्यांची समजूत घालायला किती फेऱ्या मारल्या, मला सांगता येणार नाही. त्यातल्या बऱ्याच माझ्याशिवाय. गेल्या की केळीच्या बागेत त्यांच्या मागं मागं हिंडायच्या, दुसरंच काही बोलायच्या आणि परतायच्या. एका फेरीला वडील आपणहून म्हणाले, "भरा बाई तो फॉर्म."

ही गोष्ट बाईंच्या पीएच.डी.च्या मार्गदर्शकांच्या कानावर गेली. ते नियमाचे पक्के. संशोधकानं कुटुंबात ढवळाढवळ केली, आता हे घर प्रबंधात घेता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाईंच्या सगळ्या नोंदींत हेच घर सर्वांत भरीव होतं.

"काढते," बाई म्हणाल्या. त्यांच्याकडून परतताना बसमध्ये मी चुकचुकलो. त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "अहो, चुकलं काय त्यांचं? बरोबरच आहे. पण आता पोरीला अर्ध्यावर सोडू का?"

परीक्षेला बाई रजा काढून इंदूच्याच घरी राहिल्या. केंद्राबाहेरच्या लिंबाखाली आईबरोबर बसत. गणिताच्या पेपरला मीही गेलो होतो. अर्धा वेळ झाला असेल, आतून बाकं सरकल्याचा आवाज आला. कुणी ओरडलं. कांदा आणा, चप्पल हुंगवा, म्हणत माणसं धावली. बाई सगळ्यांच्या पुढं. पर्यवेक्षकांनी त्यांना अडवलं नाही.

"कांदा नको. बाजूला व्हा, वारा येऊ द्या," त्यांनी ठणकावलं. इंदूला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला पदर दिला आणि अंगाचे झटके थांबेपर्यंत तिथंच फरशीवर बसून राहिल्या.

वडिलांना ज्याची भीती होती ते असं भर गावात झालं. त्या रात्री इंदूला पेपरचं काही आठवत नव्हतं. आईनं तिला जेवायला वाढलं आणि म्हणाली, "गणित आक्टोबरात देऊ. परवा कोन्ता पेपर हाये?"

त्या पेपरला वडील स्वतः निघाले. हातात पाण्याचा तांब्या, शेजारी इंदू. मागच्या गल्लीनं जाता आलं असतं, पण ते मधल्या बाजारातून गेले. कुणी विचारलं तर थांबून सांगत, "पोरगी दहावीले बसली."

गणित ऑक्टोबरमध्ये सुटलं. पुढं इंदू बाहेरूनच बारावी झाली.

बाईंचा प्रबंध त्या घराशिवायच पुरा झाला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "फैजपूर भागातलं एकही कुटुंब नाही?"

"एक होतं," बाई म्हणाल्या. "तिथं मी नुसती पाहुणी उरले नाही." परीक्षकांना ते कळलं की नाही, ठाऊक नाही. पदवी मिळाली.

निवृत्तीनंतर दोनेक वर्षांत बाई हृदयविकारानं गेल्या. फैजपूरच्या त्या घरी कळवायला मीच गेलो. इंदू ओसरीत होती. फिट येते म्हणून शाळेतून घरी बसवलेली शेजारच्या गावची एक मुलगी तिच्यासमोर पाढे म्हणत होती. मी बातमी सांगितली. आईनं पाढे म्हणणाऱ्या मुलीला थांबवलं. वडील टोपी काढून उभे राहिले.

मग इंदूनं विचारलं, "सर, बाईंचं नाव काय होतं? आम्ही नुसतं बाईच म्हणत आलो."

मी सांगितलं. तिनं ते हळूच एकदा म्हणून पाहिलं. नीट जमलं नाही, म्हणून पुन्हा म्हटलं.