आबांचा माइकवरचा आवाज

केंदूरची मोनाली हा एक नगच आहे. दिवसा रांजणगावला नोकरी, आणि घरी आली की इंटरनेटवर नवेकोरे ओपन सोर्स प्रोग्राम हुडकायचे. कुणीतरी अर्धेमुर्धे लिहून सगळ्यांसाठी मोकळे ठेवलेले, अजून कुणाच्या नजरेत न भरलेले. प्रोग्रामचा लेखक लोकांच्या तक्रारींना उत्तरं देतो का हे आधी बघायचं, मगच कोडला हात लावायचा, ही तिची रीत. आम्ही शेजारी तिला त्यावरून चिडवायचो.

गेल्या साली तिच्या वडिलांच्या, मारुतराव आबांच्या घशात गाठ निघाली. आवाज अजून खणखणीत होता, पण डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. मोनालीनं नेट पालथं घातलं आणि नुकताच सुरू झालेला एक प्रोग्राम शोधला. माणसाचा आवाज आधी भरून ठेवायचा; पुढं तो फोनवर लिहील ते फोन त्याच्याच आवाजात बोलणार.

आबा म्हणजे गावचा भोंगा. जत्रेतल्या कुस्त्या असोत की ग्रामसभा, माइक त्यांच्याच हाती. मोनालीनं माइक पुढं ठेवला तसे आबा ताठ बसले, खाकरले आणि दिलेली वाक्यं दणक्यात वाचून काढली.

"बराबर येतंय का?"

"एकदम क्लिअर, आबा." पोरगी खूश होती. स्वच्छ आवाज हवा, एवढंच तिच्या डोक्यात.

ऑपरेशन झालं. घरी आल्यावर आबांनी फोनवर पहिलं वाक्य बायकोसाठी लिहिलं: "सारजा, जेवलीस का?" फोन बोलला. आवाज आबांचाच, पण कुस्त्या पुकारणारा. सारजाबाईंनी चटकन डोक्यावर पदर घेतला, चारचौघांत घेतात तसा.

"ह्ये तर गावाला सांगत्यात," त्या म्हणाल्या. "माझ्याशी बोलायचे तवा किती हळू बोलायचे."

मोनालीनं घरातले सगळे व्हिडिओ बघितले. सगळीकडं आबा माइकवरच. नवराबायकोचं हळू बोलणं कोण कशाला भरून ठेवतं? तिनं प्रोग्रामच्या लेखकाला आवाज भरण्याच्या सूचनांत एक ओळ घालायला लावली: माइक लपवा, माणसाला घरच्यांशी बोलू द्या. त्यानं ती लगेच घातली, आभारही मानले. परमुलखात कुणाला तरी ती उपयोगी पडत असेल. मला मात्र त्याचं समाधान वाटत नाही, वाईटच वाटतं.

आबा आता फोन पारावर नेतात, तिथं मनसोक्त बोलतात. घरात शिरताना तो बंद करतात. चहा हवा असला की सारजाबाईंच्या जवळ जातात आणि त्यांच्या मनगटाला हळूच हात लावतात.